बिलिंगचं ॲप नव्या विंडोजवर नेताना

विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि त्या वर्षी धनत्रयोदशी होती १८ तारखेला. रायपूरच्या पंडरी कापड बाजारात किंवा सदर बाजारातल्या सराफ्यात त्या आठवड्यात काउंटरवरच्या संगणकाला हात लावू देणारा दुकानदार शोधूनही सापडला नसता. सुरक्षेच्या पॅचसाठी मायक्रोसॉफ्टने वर्षभराची वाढीव मुदत दिली, ती १३ ऑक्टोबर २०२६ला संपते. म्हणजे पुन्हा दिवाळीच्या तोंडावरच. इथे बिलिंगची ॲप्स बनवणारे आणि सांभाळणारे आम्ही बरेचसे एकांडे लोक. या दोन तारखांच्या मधल्या काळात करायच्या कामाची ही कृती आहे.

ॲप कसं, ते आधी सांगतो. क्यूट ५ वापरून सी प्लस प्लसमध्ये लिहिलेलं, डेटा एसक्यूलाइटच्या एका फाइलमध्ये, विंडोजसाठी ३२-बिट बांधणी. तोच कोड थोड्या फरकाने उबुंटूवर आणि मॅकवर चालतो. दुकानात पडदा हिंदी-इंग्रजी. एखाद्या मराठी मंडळाला वर्गणीच्या पावत्यांसाठी दिलं की मराठी. तुमचं ॲप जावात किंवा इलेक्ट्रॉनवर असेल तर खालची काही नावं बदलतील, क्रम मात्र हाच ठेवा: आधी काउंटर, मग डेटा, मग प्रिंटर आणि अक्षरं, आणि कोड त्यानंतर. आपली खोड उलटी असते. नवी क्यूट उतरवून घ्यायची, कंपायलरच्या चुका निस्तरायच्या आणि आपल्या टेबलावर खिडकी उघडली की काम झालं म्हणायचं. दुकानातून फोन येतो तो "भैया, बिल नहीं निकल रहा" असा. कंपायलरबद्दल कोणी फोन करत नाही.

पायरी १. मशीनच्या मागे काय खोचलंय ते बघा

वही घेऊन दुकानात जा. प्रत्येक काउंटरसाठी चार गोष्टी लिहा: प्रोसेसरची पिढी, विंडोज ३२-बिट की ६४-बिट, मागच्या बाजूला जोडलेली प्रत्येक वायर, आणि डेटाची फाइल नेमकी कुठे आहे ते.

विंडोज ११ला टीपीएम २.० आणि इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. त्याची ३२-बिट आवृत्तीच नाही. जयस्तंभ चौकातल्या रवि भवनातून दहा वर्षांपूर्वी जोडून घेतलेल्या मशीनवर प्रोसेसर ६४-बिट असूनही रॅम कमी म्हणून ३२-बिट विंडोज टाकलेली सापडते. तुमचं ३२-बिट ॲप ६४-बिट विंडोजवर चालेल, पण ३२-बिट ड्रायव्हर चालणार नाही. म्हणून खरी यादी वायरींची. जुना डॉट मॅट्रिक्स, लायसन्सचा डोंगल, वजनकाटा.

वजनकाट्याची वायर हातात घेऊन बघा. काट्याचा सिरियल पोर्ट यूएसबीला जोडणाऱ्या स्वस्त केबलमध्ये बऱ्याचदा प्रॉलिफिकची पीएल २३०३ चिप असते. तिच्या जुन्या, एचएक्सए जातीच्या चिपला विंडोज ११चा ड्रायव्हर ओळख देतो पण काम देत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये उपकरणाच्या नावाच्या जागीच लिहून येतं की ही चिप २०१२पासून बंद आहे, विक्रेत्याशी संपर्क साधा. काटा चालू, केबल चालू, आणि ॲपमध्ये वजन शून्य. सराफाच्या काउंटरवर हे दुपारी चार वाजता कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. अशा केबल बदलायच्याच. त्यावर सॉफ्टवेअरचा उपाय शोधत बसू नका.

या यादीवरून दुकानांचे दोन गट पडतात. पात्र मशीन विंडोज ११कडे, बाकीची उबुंटू २४.०४कडे. ॲप अनेक प्रणालींवर चालणारं लिहिलं त्याचा उपयोग इथे होतो, दुकानदाराला नवं मशीन घ्या म्हणायची वेळ येत नाही. रजिस्ट्रीत फेरफार करून अपात्र मशीनवर विंडोज ११ बसवून देणारे शहरात आहेत. बिलिंगच्या मशीनवर मी ते करणार नाही. तिथे पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही.

पायरी २. जुन्या मशीनवरचा पुरावा गोळा करा

नव्या मशीनवर "नीट दिसतंय" हे कशाच्या तुलनेत? म्हणून जुन्या काउंटरवर ठरावीक बिलं छापून घ्या आणि कागद जपून ठेवा. साधं बिल, परताव्याचं बिल, दोन पानांवर जाणारं बिल, आणि एक मुद्दाम अवघड. अवघड बिलात ग्राहकाच्या नावात "दुसऱ्या" किंवा "वऱ्हाडे"सारखा ऱ्य-ऱ्हा, पत्त्यात हिंदी पद्धतीने नुक्ता देऊन लिहिलेला "छत्तीसगढ़", लांबलचक मालाचं नाव आणि लाखातली रक्कम. शिवाय सीएकडे जाणारी सीएसव्ही आणि महिन्याच्या बेरजांचा अहवाल.

पायरी ३. डेटा शोधा

इथे घाई करू नका. सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यायचा.

जुनी ॲप्स डेटाची फाइल स्वतःच्याच फोल्डरात, म्हणजे प्रोग्राम फाइल्समध्ये ठेवायची. व्हिस्टापासून साध्या वापरकर्त्याला तिथे लिहायची परवानगी नाही. पण जुनी ॲप्स बंद पडू नयेत म्हणून विंडोजने एक पळवाट ठेवली: ३२-बिट आणि मॅनिफेस्ट नसलेल्या ॲपने तिथे लिहायचा प्रयत्न केला की विंडोज ती फाइल गुपचूप वापरकर्त्याच्या ॲपडेटा, लोकल, व्हर्च्युअलस्टोर या फोल्डरात वळवते. ॲपला वाटतं आपण प्रोग्राम फाइल्समध्येच लिहितोय. वर्षानुवर्षं हे बिनबोभाट चालतं.

आता तुम्ही ॲप ६४-बिट केलंत किंवा नुसतं मॅनिफेस्ट जोडलंत की ही पळवाट बंद होते. नवं ॲप खऱ्या प्रोग्राम फाइल्समध्ये बघतं आणि तिथे त्याला इन्स्टॉलच्या दिवसाची रिकामी फाइल मिळते. पाच वर्षांची बिलं गायब. प्रत्यक्षात ती जागच्या जागी असतात, पण ते पटवून देईपर्यंत दुकानदाराचा चेहरा पांढरा पडलेला असतो. आणखी गुंता असा की व्हर्च्युअलस्टोर प्रत्येक वापरकर्त्याचं वेगळं. मालकाचं आणि मुनीमजींचं लॉगिन वेगळं असेल तर दोन फाइली. कोणी कधी "रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर" करून ॲप उघडलं असेल तर त्या दिवसाची बिलं तिसऱ्या, म्हणजे खऱ्या जागच्या फाइलमध्ये. म्हणून त्या नावाची फाइल पूर्ण डिस्कवर शोधा, प्रत्येकीतला शेवटचा बिल क्रमांक आणि तारीख लिहा, आणि मगच कोणती खरी ते ठरवा. फाइलची तारीख बघून ठरवू नका.

नवी जागा निवडताना डॉक्युमेंट्स फोल्डर टाळा. नवं विंडोज ११ सेट करताना मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की डॉक्युमेंट्स बहुतेक वेळा वनड्राइव्हमध्ये सरकतं. चालू डेटाबेसची फाइल मागून सिंक होत राहणं म्हणजे कधीतरी "डेटाबेस लॉक्ड" ठरलेलंच. सगळ्या लॉगिनना एकच डेटा हवा असेल तर प्रोग्रामडेटामध्ये स्वतःचा फोल्डर करा आणि त्याची परवानगी इन्स्टॉलरमधूनच द्या.

हलवताना फाइल नुसती कॉपी-पेस्ट करायची नाही. एसक्यूलाइट वॉल पद्धतीत चालत असेल तर ताज्या नोंदी शेजारच्या वॉल फाइलमध्ये असतात. मुख्य फाइल तेवढी उचलली तर सकाळची बिलं मागे राहतात. ॲप बंद करा आणि "व्हॅक्यूम इन्टू" या आज्ञेने नवी प्रत काढा, एसक्यूलाइट ३.२७पासून ती आहे. मग इंटेग्रिटी चेक, आणि शेवटचा बिल क्रमांक व आर्थिक वर्षाची एकूण विक्री जुन्या-नव्या दोन्हींत ताडून बघा. जुनी फाइल पुसू नका, नाव बदलून ठेवा.

पायरी ४. जुनी बांधणी नव्या प्रणालीवर चालवा

कोडला हात न लावता. व्हर्च्युअलबॉक्स ७मध्ये टीपीएम २.०ची नक्कल मिळते, त्यात कोरं विंडोज ११ टाका. कोरंच हवं: जुन्यावरून अपग्रेड केलेल्या मशीनवर जुने फॉन्ट आणि जुनी साधनं टिकून राहतात आणि दोष झाकले जातात. प्रिंटर आणि काटा मात्र खऱ्या मशीनवरच तपासा. ॲप बसत नाही, उघडत नाही, छापत नाही की वेडंवाकडं दिसतं, एवढंच टिपायचं. दुरुस्ती नंतर.

या फेरीत हटकून सापडणाऱ्या दोन गोष्टी. पहिली आवृत्तीच्या आकड्याची. विंडोज ११ स्वतःला आतून १०.०च म्हणवते; वेगळेपण फक्त बिल्ड क्रमांकात, २२०००पासून पुढे. मॅनिफेस्टमध्ये नव्या प्रणालीचा उल्लेख नसेल तर जुनी आज्ञा ६.२, म्हणजे विंडोज ८, असं उत्तर देते. मॅकही यात मागे नाही: बिग सर ११ असताना जुन्या ॲपला १०.१६ सांगायचा. आकडा विचारून निर्णय घेणारा प्रत्येक इफ शोधा आणि त्याऐवजी हवी ती सोय आहे का हे थेट विचारा.

दुसरी डब्ल्यूएमआयसी. मदरबोर्डचा क्रमांक वाचून लायसन्स बांधण्यासाठी ही छोटी आज्ञा आपल्याकडे सर्रास वापरली जाते. विंडोज ११च्या २४एच२ आवृत्तीत ती मुळात चालू नसते. आज्ञेचं उत्तर रिकामं येतं आणि पैसे भरलेल्या गिऱ्हाइकाला ॲप "लायसन्स अवैध" म्हणतं. तीच माहिती पॉवरशेलच्या गेट-सिमइन्स्टन्समधून किंवा थेट डब्ल्यूएमआयच्या एपीआयमधून घ्या. आणि उत्तर रिकामं आलं तर ॲपने बिलिंग थांबवायचं नाही, हे कोडमध्ये लिहूनच टाका.

पायरी ५. अक्षरं आणि कागद

कोऱ्या विंडोज ११वर मंगल फॉन्ट नसतो. विंडोज १०पासूनच तो "देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स" या ऐच्छिक गटात गेला. हिंदी किंवा मराठी भाषा जोडली तर येतो, नाहीतर नाही. मूळ संचात असतो तो निर्मला यूआय. ॲपमध्ये "मंगल" असं नाव ठोकून लिहिलं असेल तर विंडोज दुसरा फॉन्ट देते. अक्षरं दिसतात, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. पण त्यांची रुंदी बदलते.

थर्मल प्रिंटरवर हे लगेच उघडं पडतं. ८० मिलिमीटरच्या कागदावर छपाईची रुंदी साधारण ५७६ ठिपके, ५८ मिलिमीटरवर ३८४. बहुतेक थर्मल प्रिंटरना जोडाक्षरं जुळवता येत नाहीत, म्हणून देवनागरी ओळ आपण चित्र करून पाठवतो. अक्षर दोन-तीन ठिपक्यांनी रुंद झालं की मालाच्या नावाची ओळ मोडते, दर पुढच्या रांगेत घसरतो आणि रक्कम उजवीकडे कापली जाते. पायरी २मधला अवघड बिलाचा कागद शेजारी धरा आणि रांगा जुळवा.

उपाय: फॉन्ट ॲपसोबतच द्या आणि ॲपमधूनच लोड करा. मंगल मायक्रोसॉफ्टच्या मालकीचा, तो वाटता येत नाही. मुंबईच्या एक टाइपचा मुक्त, किंवा नोटो सॅन्स देवनागरी, हे मुक्त परवान्याचे आहेत. एकच फॉन्ट तिन्ही प्रणालींवर नेला की उबुंटूची अर्धी कटकट आधीच मिटते.

आता तो "छत्तीसगढ़". युनिकोडात हा नुक्तावाला ढ एका चिन्हाने लिहिता येतो, किंवा साधा ढ आणि नुक्ता अशा दोन चिन्हांनी. डोळ्यांना फरक दिसत नाही, शोधाला दिसतो. जुन्या कीबोर्डवरून एका पद्धतीने नोंदवलेला पत्ता नव्या मशीनवरून दुसऱ्या पद्धतीने टाइप केला की ग्राहक "सापडत नाही", मुनीमजी त्याचं नवं खातं उघडतात आणि उधारी दोन ठिकाणी विभागली जाते. साठवताना आणि शोधताना दोन्हीकडे मजकूर एनएफसी रूपात आणा. या रूपात ढ़ दोन चिन्हांचा होतो, तसाच राहू द्या. जुन्या नोंदींवर हा फेरा एकदाच फिरवायचा.

आकड्यांचंही बघा. मशीन मराठी लोकेलवर असेल तर क्यूट लोकेलप्रमाणे छापलेली संख्या देवनागरी अंकांत देते. हिंदी लोकेलवर तसं होत नाही. मंडळाच्या पावतीवर ते छान दिसतं, जीएसटीच्या सीएसव्हीत गेलं तर फाइल नाकारली जाते. फाइलमध्ये जाणाऱ्या आकड्यांसाठी कायम सी लोकेल.

पायरी ६. आता कोड

तीन वेगळ्या टप्प्यांत, प्रत्येक टप्पा गिटमध्ये वेगळा. आधी क्यूट ५.१५वर या आणि "हे आता वापरू नका" अशा इशाऱ्यांची साफसफाई करा. मग ६४-बिट बांधणी. मग क्यूट ६. तिन्ही एकदम केलं तर बिघडलेलं कशाने बिघडलं ते सापडत नाही.

६४-बिटला जाताना काट्याच्या किंवा डोंगलच्या कंपनीची ३२-बिट डीएलएल आड येते. ती ६४-बिट ॲपमध्ये लोड होत नाही. नवी डीएलएल मागा, नाहीतर तेवढा तुकडा वेगळा छोटा ३२-बिट प्रोग्राम करून ठेवा आणि त्याच्याशी बोला.

क्यूट ६मध्ये क्यूटेक्स्टकोडेक मूळ संचातून बाहेर गेलं आहे. रायपुरात हे महत्त्वाचं, कारण जुन्या ग्राहकयाद्या कृतिदेवमध्ये असतात आणि कृतिदेव विंडोज-१२५२च्या सांकेतिक चिन्हांवर उभा आहे. त्याऐवजी कोणी लॅटिन-१ने फाइल वाचली तर बहुतेक अक्षरं बरोबर येतात आणि ८०-९एफ या पट्ट्यातली तेवढी मरतात. याद्या आयात करायची सोय ठेवणार असाल तर कोअर५कॉम्पॅट मॉड्यूल जोडा.

दिसण्यातले बदल तीन. ६.५पासून विंडोज डार्क असेल तर ॲपही त्यामागे जाऊ शकतं; टेबलाची पार्श्वभूमी तुम्ही पांढरी ठोकली असेल तर पांढऱ्यावर पांढरी अक्षरं. ६.७पासून विंडोज ११वर नवी स्टाइल आपोआप लागते, बटणं आणि रांगा फुगतात, बिलाच्या पडद्यावर कमी ओळी मावतात. स्टाइल स्वतः नेमून द्या, मी फ्युजन देतो. आणि ६.८मध्ये विंडोजवर अक्षर मापायची यंत्रणा बदलली, म्हणून पायरी ५मधला कागद पुन्हा छापून बघायचा.

पायरी ७. पुडकं बांधणं

विंडोज ११च्या कोऱ्या मशीनवर स्मार्ट ॲप कंट्रोल चालू असेल तर सही नसलेला, अनोळखी इन्स्टॉलर थेट अडवला जातो. कोड सायनिंगचं सर्टिफिकेट घ्यावंच लागेल. १ जून २०२३पासून त्याची किल्ली टोकनसारख्या सुरक्षित हार्डवेअरमध्येच ठेवावी लागते, त्यामुळे टोकन कुरियरने येईपर्यंतचा वेळ धरून चला. सीए जीएसटी रिटर्नवर सही करतात ते डीएससी टोकन इथे चालत नाही. हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. सही करताना टाइमस्टॅम्प लावा, म्हणजे सर्टिफिकेटची मुदत संपल्यावरही आधीचे इन्स्टॉलर चालतात.

उबुंटूसाठी बांधणी तुम्ही आधार देत असलेल्या सर्वांत जुन्या आवृत्तीवर करा. २४.०४वर ग्लिबसी २.३९ आहे, २२.०४वर २.३५, नव्यावर बांधलेलं जुन्यावर बऱ्याचदा उघडतच नाही. ॲपइमेजला फ्यूज २ लागतं आणि ते २४.०४वर आपोआप नसतं, म्हणून डेब पॅकेज बरं. त्यात लिबएक्ससीबी-कर्सर० हे अवलंबित म्हणून लिहा, क्यूट ६.५पासून त्याशिवाय एक्स११वर खिडकी उघडत नाही. काट्यासाठी वापरकर्त्याला डायलआउट गटात घाला. २२.०४वर सीएच३४० चिपची केबल जोडताच गायब होत असेल तर ब्रेलच्या उपकरणांसाठीची बीआरएलटीटी सेवा तिला स्वतःकडे ओढते. दुकानात ती काढून टाका. वेलँडवर ॲपला स्वतःची खिडकी हव्या त्या जागी ठेवता येत नाही. ग्राहकाकडे तोंड केलेला दुसरा पडदा असेल तर स्क्रीन निवडून खिडकी फुलस्क्रीन करा.

मॅक रायपूरच्या काउंटरवर क्वचित. ॲपलकडून नोटराइझ करून घ्या, आणि सेक्वोयापासून नेटवर्कवरच्या प्रिंटरसाठी स्थानिक नेटवर्कची परवानगी मागावी लागते हे लक्षात ठेवा.

पायरी ८. दुकानात लावणं

महिन्याची ११ तारीख जीएसटीआर-१ची, २० तारीख ३बीची. त्यांच्या आधीचे दोन दिवस आणि महिनाअखेर सोडून मधला दिवस निवडा. एका दुकानात एकच काउंटर बदला.

नव्या काउंटरला बिलांची स्वतंत्र मालिका द्या. जीएसटीच्या नियम ४६ प्रमाणे बिल क्रमांक सोळा अक्षरांच्या आत आणि ओळीने हवा, पण मालिका एकाहून जास्त चालतात. जुन्या मशीनची मालिका तशीच, नव्याची पुढे "एन" लावून. नवं मशीन ऐन गर्दीत अडलं तर मुनीमजी जुन्यावर वळतात आणि क्रमांक एकमेकांवर चढत नाहीत. सीएना हे आधी कळवा, म्हणजे रिटर्नमध्ये दोन मालिका बघून ते फोन करणार नाहीत.

जुनं मशीन शेजारी राहू द्या, नेटवर्कची वायर काढून. पहिल्या दिवशी संध्याकाळी दुकान वाढवताना नव्या काउंटरवरची बेरीज आणि गल्ल्यातली रोकड जुळते का ते स्वतः उभं राहून बघा. एक पूर्ण रिटर्न नव्या डेटावरून भरलं गेलं की बाकीचे काउंटर. ३१ मार्चला दोन्ही मालिका बंद होतात, १ एप्रिलपासून सगळीकडे एकच पद्धत. जुनं मशीन त्यानंतर विकायला काढायचं, हार्ड डिस्क काढून घेऊन.